साठवणीच्या पन्ह्याचा गर वारंवार का बिघडतो : लक्षणांवरून कारण ओळखणे आणि उपाय

चैत्रात कैऱ्या बाजारात आल्या की पन्ह्याचा गर एकदाच जास्त प्रमाणात करून बरणीत भरून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. त्याच घरांतून दर वर्षी एकच तक्रारही ऐकू येते. पहिले काही दिवस गर उत्तम असतो, मग एके दिवशी झाकण उघडताना हवा सुटल्यासारखा आवाज येतो, वर फेस दिसतो, वास आंबूस येऊ लागतो आणि एवढ्या कष्टाने केलेला गर ओतून द्यावा लागतो. यातली सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की कृती तीच, वाटी तीच, गूळही नेहमीचाच असूनही एका वर्षी महिनाभर टिकलेला गर दुसऱ्या वर्षी आठवडाभरही टिकत नाही. याचे खापर सहसा उन्हाळ्यावर किंवा फ्रिजवर फुटते. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा वाटीच्या मापात आणि शेवटच्या उकळीत असतो, आणि तो एकदा समजला की दुरुस्त करणे अवघड नाही.

उपायाकडे वळण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे हे पाहावे, कारण वेगवेगळ्या बिघाडांना वेगवेगळी कारणे असतात आणि काही गोष्टी बिघाड वाटत असल्या तरी बिघाड नसतात. बरणी हलवली नसतानाही तळापासून बारीक बुडबुडे वर येत असतील, झाकण फुगले असेल किंवा वास दारूच्या जवळचा येत असेल, तर गरात यीस्ट वाढले आहे. पृष्ठभागावर पांढरट साय धरल्यासारखा पातळ थर दिसत असेल किंवा हिरवे, काळे, लोकरीसारखे ठिपके असतील, तर ती वरच्या हवेवर वाढणाऱ्या यीस्टची किंवा बुरशीची वाढ आहे. गर मिक्सरमधून काढल्यानंतर पहिल्या दिवशी वर जो फेस दिसतो तो मात्र निव्वळ कोंडलेल्या हवेचा असतो. तो काही तासांत बसतो आणि परत येत नाही. रंग गडद होणे, गर जेलीसारखा थिजणे, तळाशी खडे जमणे आणि पाण्यात मिसळल्यावर चोथा खाली बसणे या चारही गोष्टींनी, पितळ किंवा तांबे गरात उतरलेले नसेल तर, गर खाण्यास अयोग्य ठरत नाही. त्यांचा विचार पुढे केला आहे.

आंबट असूनही गर आंबतो कसा

कैरी इतकी आंबट असते की तिचा गर आपोआप टिकेल असे वाटणे स्वाभाविक आहे. हा विश्वास अर्धा खरा आहे. कैरीत प्रामुख्याने सायट्रिक आम्ल असते आणि तिच्या गराचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 3 च्या आसपास असतो. एवढ्या आम्लात अन्नातून विषबाधा करणारे बहुतेक जीवाणू वाढू शकत नाहीत, आणि म्हणूनच घरी केलेला कैरीचा गर हा घरी केलेल्या भाजीच्या डबाबंद पदार्थांपेक्षा पुष्कळ सुरक्षित असतो. परंतु यीस्ट आणि बुरशी यांना आम्लाचे काहीच वाटत नाही. जीवाणूंची स्पर्धा नसल्यामुळे त्यांना उलट मोकळे रान मिळते. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. फेस, फुगलेले झाकण आणि तो विशिष्ट वास हे सारे त्यातूनच येते.

यीस्टला खरा अटकाव होतो तो साखरेच्या प्रमाणाने. साखर किंवा गूळ पाण्याला इतका धरून ठेवतो की सूक्ष्मजीवांना वापरण्याजोगे पाणीच उरत नाही. पण हे घडण्यासाठी एकूण वजनाच्या साधारण 65 टक्के भाग विरघळलेल्या साखरेचा असावा लागतो. सरबताच्या पाकासाठी आपल्याकडच्या मानकांत 65 टक्क्यांची जी किमान मर्यादा घातलेली आहे तिच्यामागेही हाच विचार आहे. स्क्वॉशसाठी 40 टक्के पुरेसे मानले जातात, परंतु बाजारातला स्क्वॉश टिकतो तो त्या साखरेमुळे नव्हे, तर उष्णतेची प्रक्रिया आणि परिरक्षक (पदार्थ टिकावा म्हणून घातलेले रसायन) यांच्या जोडीमुळे. घरगुती पन्ह्याचा गर नेमका या दोन टोकांच्या मध्ये अडकतो : यीस्टला मेजवानी होईल इतका गोड, पण ते थांबेल इतका गोड नाही.

आता वाटीचे माप पाहू. 250 मिलिलिटरच्या वाटीत शिजवलेल्या कैरीचा गर सुमारे 250 ग्रॅम मावतो, पण त्याच वाटीत साखर साधारण 200 ग्रॅमच बसते. किसलेला किंवा चिरलेला गूळ तर याहूनही बराच कमी बसतो आणि तो किती दाबून भरला यावर त्याचे वजन दर वेळी बदलते. गरात स्वतःचे विरघळलेले घन पदार्थ दहा टक्क्यांच्या आसपास धरले, तर वाटीस वाटी साखर घातल्यावर 450 ग्रॅम मिश्रणात 225 ग्रॅम, म्हणजे केवळ 50 टक्के साखर होते. 'वाटीला दीड वाटी गूळ' या नेहमीच्या प्रमाणातही प्रत्यक्ष वजन कित्येकदा गराइतकेच भरते, आणि वजनास वजन घेतले तर हिशेब 55 टक्क्यांच्या पुढे जात नाही. मागच्या वर्षी गूळ दाबून भरला, या वर्षी मोकळा भरला, एवढ्या फरकाने गर टिकणे आणि न टिकणे ठरू शकते. यावर उपाय एकच आहे आणि तो मी आग्रहाने सांगेन : साठवणीचा गर करायचा असेल तर वाटी बाजूला ठेवावी आणि वजनकाटा घ्यावा. एक किलो गराला दीड किलो साखर घेतली तर मिश्रण 64 टक्क्यांपर्यंत पोहोचते, आणि उकळताना थोडे पाणी उडून गेल्यावर ते 65 च्या पुढे सरकते. असा गर एक भाग आणि थंड पाणी चार भाग घेतले की पेल्यात साखर तेरा टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे पन्हे फार गोड होत नाही. गर चाखताना तो अति गोड लागला म्हणून घाबरून साखर कमी करण्याचे कारण नाही.

या हिशेबाला सुरुंग लागतो तो कैरी शिजवण्याच्या पद्धतीने. कैऱ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकडल्या आणि साल फुटली, तर गर पाणी शोषून घेतो, आणि मग त्याच वजनाच्या गरात पाणी जास्त व कैरी कमी असते. कुकरच्या डब्यात पाणी न घालता कैऱ्या ठेवून वाफेवर शिजवाव्यात. डब्यात सुटलेले पाणी गरात न मिसळता वेगळे ठेवावे आणि हवे तर त्याच दिवशीच्या पन्ह्यात वापरावे. भाजलेल्या कैरीच्या गरात पाणी आणखी कमी असते, त्यामुळे टिकण्याच्या दृष्टीने तो उत्तम असतो, मात्र साल जळून गरात पडू देऊ नये.

गुळाची अडचण

पन्हे गुळाचेच चांगले लागते, हे मी मान्य करतो. रंग, चव आणि पोटाला वाटणारी तृप्ती या तिन्ही बाबतीत साखर गुळाच्या जवळ येत नाही. तरीही गुळाचा गर साखरेच्या गरापेक्षा लवकर बिघडतो ही वस्तुस्थिती आहे, आणि तिची कारणे गुळाच्या स्वरूपातच आहेत. गूळ म्हणजे शुद्ध साखर नव्हे; त्यात ओलावा, खनिजे, उसाचे बारीक कण आणि गुऱ्हाळापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात चिकटलेली धूळ असते. नरम, घाम फुटलेल्या गुळात ओलावा अधिक असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर यीस्ट आधीपासूनच बसलेले असते. असा गूळ चिरून कोमट गरात कालवला, तर बिघाडाचे बीज आपणच पेरलेले असते.

म्हणून गूळ घालण्याची रीत बदलावी. गूळ वजन करून घ्यावा, तो विरघळण्यापुरत्या अगदी थोड्या पाण्यात किंवा गराच्याच काही भागात मंद आचेवर वितळवावा, उकळी आणावी, गरम असतानाच पातळ कापडातून गाळावा आणि मग उरलेल्या गरात घालावा. तळाशी राहिलेली रेती आणि चोथा पाहिल्यावर हा खटाटोप का करायचा ते वेगळे सांगावे लागत नाही. कोरडा, कडक गूळ निवडावा आणि गुळाचे वजन साखरेच्या वजनापेक्षा थोडे जास्त, एक किलो गराला एक किलो सहाशे ते सातशे ग्रॅमपर्यंत धरावे. अर्धा गूळ आणि अर्धी साखर हा मधला मार्गही चांगला आहे. चव गुळाची राहते आणि प्रमाण हाताबाहेर जात नाही.

शेवटची उकळी आणि गरम भरणे

अनेक कृतींमध्ये कैरी शिजवून थंड करतात, गर काढतात, त्यात गूळ, मीठ, वेलची मिसळतात आणि बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवतात. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर यात काहीच चूक नाही. साठवणीसाठी मात्र ही पद्धत अपुरी आहे, कारण कैरी शिजल्यानंतर गर काढताना हात, चाळणी, मिक्सरचे भांडे, गूळ आणि चमचा यांतून नवे यीस्ट गरात शिरते आणि त्यानंतर ते मरण्याची संधीच येत नाही. सगळे मिसळून झाल्यावर गर पुन्हा एकदा आचेवर ठेवून सतत ढवळत पूर्ण उकळी आणावी आणि दोन-तीन मिनिटे तशीच ठेवावी. यीस्ट आणि बुरशी यांना उष्णता सोसवत नाही. आम्लयुक्त पदार्थात 85 अंश सेल्सियसच्या आसपास काही मिनिटे पुरतात. याहून अधिक उकळू नये, कारण कैरीचा ताजा वास उडतो आणि गर थिजण्याचा धोका वाढतो.

भरण्याची वेळ तितकीच महत्त्वाची आहे. गर थंड झाल्यावर भरला तर थंड होण्याच्या तासांत त्याच्यावर स्वयंपाकघरातली हवा फिरत राहते. त्याहून वाईट म्हणजे गरम पातेल्यावर झाकण ठेवून गर निवू देणे. झाकणाला वाफेचे पाणी धरते, ते थेंबाथेंबाने गराच्या पृष्ठभागावर पडते आणि वरच्या पातळ थरात साखरेचे प्रमाण खाली येते. आत सगळा गर पुरेसा गोड असूनही वर बुरशी का येते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या थेंबांत असते. फ्रिजमधून बरणी वारंवार बाहेर काढून आत ठेवल्यानेही झाकणाखाली असेच पाणी जमते.

त्याऐवजी काचेच्या छोट्या बाटल्या आणि त्यांची झाकणे स्वच्छ धुऊन, गार पाण्यात बुडवून हळूहळू उकळीपर्यंत तापवाव्यात आणि दहा मिनिटे उकळू द्याव्यात. बाटल्या निथळून गरम असतानाच त्यांत उकळता गर काठापासून बोटभर जागा सोडून भरावा, लगेच झाकण घट्ट लावावे आणि बाटली तीन ते पाच मिनिटे उलटी ठेवावी, म्हणजे झाकणाची आतली बाजू आणि वरची हवाही गरम गरात निर्जंतुक होते. गार काचेत उकळता गर ओतल्यास बाटली तडकू शकते. दोन्ही गरम असणे सुरक्षिततेसाठीही गरजेचे आहे. प्लास्टिकच्या बाटल्या या पद्धतीला चालत नाहीत. बाटली निवल्यावर आत किंचित निर्वात होते आणि पत्र्याचे झाकण मध्यभागी थोडे आत ओढले जाते. तसे झाले नाही तर ती बाटली आधी वापरावी. इतके करूनही बाटल्या फ्रिजमध्येच ठेवाव्यात असे माझे मत आहे, कारण घरात आपल्याकडे साखरेची टक्केवारी मोजण्याचे साधन नसते आणि अति गोड माध्यमातही तग धरणारी काही यीस्ट असतातच. फ्रिजच्या दारातली जागा आतल्यापेक्षा उबदार असते, तेव्हा बाटल्या आतल्या कप्प्यात ठेवाव्यात.

बाटल्या छोट्या असाव्यात असे वर म्हटले ते सहज म्हटलेले नाही. मोठी बरणी रोज उघडली जाते, तिच्यात दर वेळी चमचा जातो, आणि एखादा ओला चमचा सगळी मेहनत वाया घालवतो. घरातल्या सर्वांना एक-दोन वेळा पुरेल एवढीच बाटली असेल, तर उघडलेली बाटली आठवड्याच्या आत संपते आणि बाकीच्या बंदच राहतात. गर चमच्याने काढण्यापेक्षा ओतून घेणे केव्हाही चांगले.

वेलची, केशर आणि मीठ

सगळी काळजी घेऊनही गर बिघडतो तेव्हा वेलचीपूड आणि केशर केव्हा घातले हे विचारावे. मसाल्याच्या पदार्थांवर बुरशीचे बीजाणू नेहमीच असतात. उकळून तयार केलेल्या गरात शेवटी थंड झाल्यावर वेलचीपूड भुरभुरली, तर उकळण्याचा अर्धा हेतू तिथेच संपतो. वेलची घालायचीच असेल तर शेवटच्या उकळीत घालावी. तिचा सुगंध टिकवायचा असेल तर गरात न घालता पेल्यात घालावी, आणि मला हा दुसरा मार्ग चवीच्या दृष्टीनेही जास्त पसंत आहे. केशर दुधात खलून घालण्याची सवय पन्ह्याच्या साठवणीत कटाक्षाने टाळावी. दूध कैरीच्या आम्लात फाटते, त्याच्या कणांनी गर गढूळ दिसतो आणि टिकण्याच्या सगळ्या हिशेबात एक नवा नाशवंत घटक शिरतो. केशर गरम पाण्याच्या एक-दोन चमच्यांत किंवा थेट उकळत्या गरात भिजू द्यावे. मीठ केव्हाही घालावे. पन्ह्याला लागते तेवढ्या चिमूटभर मिठाने गर टिकण्यात फरक पडत नाही.

परिरक्षक घालावे का, हा प्रश्न येथेच येतो. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ही दोन्ही आम्लयुक्त गरात काम करतात, परंतु एक किलो गरासाठी त्यांची मात्रा एक ग्रॅमपेक्षाही कमी असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर इतके वजन नेमके होत नाही आणि 'चिमूटभर' म्हणता म्हणता मात्रा दुप्पट होते. शिवाय दम्याचा त्रास असणाऱ्यांना सल्फाइटमुळे त्रास होऊ शकतो. घरच्या गरासाठी मी यांचा सल्ला देणार नाही.

ज्यांना एवढी साखर नकोच आहे त्यांच्यासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग गोठवणे हा आहे. शिजवलेला बिनसाखरेचा गर निववून बर्फाच्या ट्रेमध्ये भरावा, गोठल्यावर वड्या हवाबंद पिशवीत काढून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि लागतील तशा काढून गूळ-पाण्यात विरघळवाव्यात. गोठवल्याने यीस्ट मरत नाही, फक्त थांबते, म्हणून वितळलेला गर पुन्हा गोठवू नये. रोजच्या वापरासाठी मला हीच पद्धत अधिक योग्य वाटते; गोडी ज्याच्या त्याच्या चवीप्रमाणे ठेवता येते आणि कैरीचा वासही उत्तम राहतो.

बिघडलेला गर पुन्हा उकळून वाचवता येईल का, असे नेहमी विचारले जाते. येत नाही असे समजावे. उकळल्याने वास कमी होतो आणि यीस्ट मरते, पण चव परत येत नाही. आणि बुरशी आलेल्या गराच्या बाबतीत वरचा थर काढून खालचा वापरणे धोक्याचे आहे, कारण पातळ पदार्थात बुरशीचे तंतू आणि काही बुरशींची विषद्रव्ये दिसणाऱ्या ठिपक्यांच्या पलीकडेही पसरलेली असतात आणि ही विषद्रव्ये उकळल्याने पूर्ण नष्ट होतील याची खात्री नसते. झाकण फुगलेली काचेची बाटली आधी फ्रिजमध्ये चांगली गार करावी, जाड कापड गुंडाळून, तोंड स्वतःपासून दूर धरून हळूहळू उघडावी आणि गर टाकून द्यावा.

तुरट किंवा कडसर चव

गर टिकला पण पन्हे पिताना घसा धरल्यासारखा वाटला, तर कारण चिकात किंवा कोयीत असते. कैरीचा देठ तोडल्यावर येणारा चीक त्वचेला आणि घशाला त्रासदायक असतो. कैऱ्या धुऊन, देठाकडचा भाग कापून, त्या अर्धा-एक तास पाण्यात ठेवाव्यात आणि ते पाणी फेकून पुन्हा धुवाव्यात. देठासह कैरी शिजवली की चीक गरात उतरतो. दुसरे कारण कोवळ्या कैऱ्यांत आढळते. बाठा न धरलेल्या कैरीतली कोय मऊ असते, ती शिजताना किंवा गर चोळून काढताना फुटते आणि तिच्यातली टॅनिने गराला तुरटपणा देतात. अशी कैरी शिजवण्यापूर्वीच चिरून कोय काढून टाकावी. मिक्सरमध्ये सालीचे तुकडे गेल्यानेही थोडा कडूपणा येतो. तुरट झालेल्या गरात गूळ वाढवून उपयोग होत नाही; त्यात तुरट नसलेला दुसरा गर मिसळूनच तो सौम्य करता येतो.

याच्या उलट, पाडाला लागलेली कैरी घेतली तर आंबटपणा उतरलेला असतो आणि गरात पिष्ट साठलेले असते. तिचा गर पिठूळ लागतो, पन्हे खिरीसारखे दाट दिसते आणि आम्ल कमी असल्यामुळे टिकण्याची बाजूही थोडी लंगडी पडते. वाऱ्यावादळाने गळलेल्या, मार लागलेल्या कैऱ्या ताज्या पन्ह्याला चालतात, साठवणीला नाहीत. फुटलेल्या सालीखाली आंबण्याची सुरुवात झालेली असते.

रंग काळवंडणे

कच्ची कैरी किसून केलेला गर काही वेळातच तपकिरी होतो, कारण कापलेल्या फोडींतील विकरे (एन्झाइम) हवेच्या संपर्कात रंग बदलतात. उष्णतेने ही विकरे निकामी होतात, त्यामुळे शिजवलेल्या गराला हा त्रास नसतो. शिजवलेला गर काळपट पडला तर भांड्याकडे पाहावे. लोखंडी कढई, लोखंडी सुरी किंवा कल्हई उडालेले पितळेचे पातेले कैरीच्या आम्लाला आणि टॅनिनांना सोसत नाही. लोखंडाने गर काळा-करडा होतो, आणि पितळ किंवा तांबे उतरलेला गर तर खाऊच नये. स्टेनलेस स्टीलचे पातेले आणि लाकडी डाव वापरावा. गुळाच्या गराचा रंग महिनाभरात थोडा गडद होणे मात्र नैसर्गिक आहे.

गर थिजणे, खडे जमणे आणि चोथा बसणे

कैरीत पेक्टिन भरपूर असते. पेक्टिन, आम्ल आणि साठ टक्क्यांहून अधिक साखर एकत्र येऊन बराच वेळ उकळली की जेली तयार होते, आणि टिकावा म्हणून साखर वाढवलेला गर जास्त वेळ आचेवर राहिला तर नेमके हेच घडते. बरणी उपडी केली तरी न हलणारा असा गर बिघडलेला नसतो. लागेल तेवढा काढून गरम पाण्यात घोटून घ्यावा, मग थंड पाणी घालावे. पुढच्या वेळी साखर घातल्यानंतरची उकळी दोन-तीन मिनिटांवर आणावी. खडे जमण्याचे कारण याच्या शेजारचे आहे. नेहमीच्या तापमानाला एक भाग पाण्यात साधारण दोन भाग साखर विरघळते आणि फ्रिजमध्ये त्याहून कमी. एक किलो गरात पाणी नऊशे ग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा दोन किलो साखर घातली तर जादा साखर थंडीत तळाशी खड्यांच्या रूपाने बसते. खडे बसले म्हणजे वरच्या भागातली साखर तेवढी कमी झाली, हे लक्षात घेऊन बाटली गरम पाण्यात ठेवून ते विरघळवून घ्यावेत.

पेल्यात पन्हे थोडा वेळ ठेवल्यावर वर पाणी आणि खाली चोथा असे दोन थर दिसतात, त्यावरून गर खराब असल्याचा समज करून घेऊ नये. कैरीचे तंतू पाण्यापेक्षा जड असतात आणि पातळ केलेल्या पन्ह्यात त्यांना तरंगत ठेवणारा दाटपणा उरत नाही. गर मिक्सरमध्ये फिरवण्यापेक्षा पुरणयंत्राच्या किंवा पिठाच्या चाळणीच्या बारीक जाळीतून घासून काढला, तर जाड तंतू वरच राहतात आणि थर बसायला बराच वेळ लागतो. पाणी मिसळताना गर भांड्यात आधी घेऊन त्यात पाणी थोडे थोडे घालत घोटावे. पाण्यात गर टाकला की त्याच्या गाठी राहतात आणि त्या सर्वांत आधी तळ गाठतात. वाढेपर्यंत जग अधूनमधून डावाने ढवळत राहिल्यास पहिल्या पेल्याची आणि शेवटच्या पेल्याची चव सारखी राहते.